चमकणाऱ्या पाईपाले रंग काहून धरत नाही? वाचकांचे सवाल, रंगारी भाऊचे जवाब

तुळशीचं लग्न झालं की घरोघरी लग्नाच्या गोष्टी सुरू होतात अन् माझ्याकडं रेलिंगची पत्रं. यावेळी सात-आठ आली, त्यातली निम्मी एकाच दुखण्याची, म्हणून त्या एकालाच जास्त जागा देतो, बाकीच्यांनी राग धरू नका.

सवाल : रामराम भाऊ. मागच्या उन्हाळ्यात पोरीच्या लग्नाआधी जिन्याले अन् समोरच्या गॅलरीले जीआय पाईपाचं रेलिंग बसवलं. नवा कोरा पाईप, निरा चांदीवानी चमके. पेंटरनं एक हात रेड ऑक्साईड मारला अन् वरून दोन हात चॉकलेटी ऑइल पेंट. लग्नात मस्त दिसलं. आता पोळ्यापासून रंग कांद्याच्या फोतरावानी निघून रायला, पोट्टे बसल्या बसल्या नखानं सोलते. पेंटर म्हणते पाईप खराब, पाईपवाला म्हणते रंग खराब. आता तुमीच सांगा जी, खोटं कोण बोलते? (आर्वी तालुक्यातून)

जवाब : खोटं कोणीच बोलत नाही, पण खरं दोघालाही माहीत नाही. पाईप चांगला, रंगही चांगला, दोघांची सोयरीकच चुकीची जुळवली गेली.

जीआय म्हणजे आत लोखंड अन् वर जस्ताचा मुलामा. तुम्हाला जी चमक दिसते ती जस्ताची आहे, लोखंडाची नाही. आता ऑइल पेंट कशाचा बनतो, तर तेलापासून केलेल्या राळेचा. पावसाची ओल लागली की जस्तावर क्षार धरतात अन् हे क्षार रंगातल्या तेलाला खातात. तेल अन् क्षार एकत्र आले की काय होतं हे घरी साबण केलेल्या कोणत्याही आजीला विचारा, साबण होतो! रंग अन् पाईप यांच्या मधात साबणाचा थर बसला म्हटल्यावर वरचा रंग कशाला धरून राहणार. तुमच्या घरचा एक पापुद्रा सोला अन् उलटी बाजू बघा, पांढुरकी, पिठाळ लागेल बोटाला. वरून रंग टकाटक अन् खालून पीठ, हीच ती खूण.

अन् रेड ऑक्साईडचं म्हणाल तर ते काळ्या लोखंडाचं औषध आहे बाप्पा, ग्रिल, चौकट, अँगल यांचं. बाजारात साधं मिळतं त्याच्यातही तेच तेल असतं, म्हणजे जस्तावर ते लावलं काय अन् सरळ ऑइल पेंट लावला काय, साबण व्हायचा तो होतोच. आपल्याकडं लोखंड दिसलं की लाल डबा उघडायची इतकी सवय झाली आहे की दुकानदारही विचारत नाही पाईप कोणता म्हणून.

मी कोणाला नावं ठेवू, मी पण तेच केलं आहे. धंद्यात नवा होतो तेव्हा मोठ्या भावाच्या घरी गच्चीच्या कठड्याला फुकटात रंग मारून दिला, हिरवा. पुढच्या कावडीच्या दिवशी वहिनीनं ओल्या साड्या वाळू घातल्या अन् काढायला गेली तर प्रत्येक साडीला हिरवे पापुद्रे चिकटलेले. वहिनी काही बोलली नाही, पण चहा दिला नाही त्या दिवशी.

आता करायचं काय. आधी सगळा सुटलेला रंग काढा, पत्र्याच्या खरवडणीनं, जिथं घट्ट धरून आहे तिथं रंग काढायचं रिमूव्हर मिळतं ते लावून. अर्धवट ठेवून त्याच्यावर रंग मारला तर नवा रंग जुन्याला घेऊन खाली येतो. मग धुणं. पाईप कारखान्यातून येतो तेव्हा त्याच्यावर तेलाचा पातळ हात असतो, नंतर वेल्डरचे हात, पेंटरचे हात, अन् वरच्या पाईपाला तर घरातल्या प्रत्येकाच्या डोक्याचं तेल पोचलेलं असतं. कोमट पाण्यात भांड्याचं लिक्विड टाकून घासा, धुवा, मग खरं स्वच्छ झालं का ते बघायला वरून तांब्याभर पाणी सोडा. पाण्याचे मोती होऊन घरंगळले तर चिकटपणा अजून आहे, परत घासा. पाणी चादरीसारखं सलग पसरलं अन् तसंच राहिलं तर झालं काम. एवढी एक परीक्षा प्रत्येक पेंटरनं घेतली तर माझी अर्धी पत्रं बंद होतील.

वाळलं की १५० किंवा १८० नंबरचा पॉलिश पेपर. इथं हात जरा आवरायचा, चमक मारायची आहे, जस्त काढायचं नाही. पाईप राखेसारखा मंद दिसला की थांबा. रगडत बसलात अन् खाली काळं लोखंड दिसलं तर तिथून पुढं गंज सुरू. ग्रायंडर तर बिलकुल लावू नका, दोन मिनिटांत मुलामा साफ. जिथं वेल्डिंगचे सांधे आहेत तिथं जस्त जळून गेलेलंच असतं, त्या जागेला झिंक रिच (म्हणजे भरपूर जस्त असलेल्या) प्रायमरचा हात वेगळा द्या.

मग प्रायमर. दुकानात वॉश प्रायमर किंवा एच (इंग्रजीत etch) प्रायमर मागा. दोन डबे येतात, एकात राळ अन् दुसऱ्यात फॉस्फरिक अ‍ॅसिड असलेला पातळ द्रव, डब्यावर लिहिलेल्या मापानं मिसळायचे, अंदाजानं नाही. हे अ‍ॅसिड जस्ताला हलकंसं चावून धरतं. अगदी पातळ हात मारायचा, खालचा पाईप अंधुक दिसत राहिला पाहिजे, जाड मारला तर हाच थर ठिसूळ होऊन सुटतो. मिसळलेला माल त्याच दिवशी संपवायचा, उद्यासाठी झाकून ठेवला तर उद्या फेकावाच लागतो. अन् वर कोणता प्रायमर, कोणता रंग चालतो ते त्याच कंपनीच्या डब्यावर वाचा, सगळे इपॉक्सी (दोन डबे मिसळून लावायचे रंग) सगळ्या वॉश प्रायमरवर चालत नाहीत.

प्रायमर पूर्ण वाळल्यावर एका कोपऱ्यात ब्लेडनं बारीक जाळी पाडा, आडव्या चार-पाच रेघा उभ्या चार-पाच रेघा, त्यावर सेलोटेप दाबून बसवा अन् झटक्यात ओढा. टेपला चौकोन चिकटून आले तर वरचा रंग मारायची घाई करू नका, तेवढे पैसे वाचले समजा.

आणखी एक, लोक मला सांगतात की फरशी धुवायच्या अ‍ॅसिडनं पाईप धुतला, मस्त फेस आला. तो फेस म्हणजे तुमचं जस्त पाण्यात चाललं आहे! वरून त्याचं मीठ पाईपावर राहतं ते वेगळंच. घरातला व्हिनेगर त्यापेक्षा बरा, फडक्यानं पुसून काही मिनिटांनी धुऊन टाकला तर चमक थोडी मरते, पण तो वॉश प्रायमरच्या जागी नाही चालत. अन् घाई नसेल तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे नवा जीआय पाईप एक पावसाळा तसाच उघडा राहू द्या, मंद करडा पडला की रंग जास्त बरा धरतो, फक्त वरची पांढरी पूड आधी घासून काढायची. पण पोरीचं लग्न पावसाळ्यासाठी थांबत नाही हे मला पण समजतं.

सवाल : भाऊ, तुमी सांगता तसंच सगळं केलं, साबणानं धुतलं, पॉलिश पेपर मारला, चांगला प्रायमर घेतला, तरी चार-सहा महिन्यांत रंगाले बारीक बारीक फोड आले, फोडला तर आत पाणी. काहून? (दर्यापूरकडून)

जवाब : तुम्ही गाव लिहिलं नसतं तर मी पण डोकं खाजवत बसलो असतो. दर्यापूर म्हणजे खारपाणपट्टा, पूर्णेच्या काठचा. शेवटचं पाणी बोअरचं मारलं ना? ते वाळलं की मीठ पाईपावरच राहतं, डोळ्याला दिसत नाही. वरून रंग बसला की खालचं मीठ रंगातून ओल आत ओढून घेतं अन् फोड येतो. घासायला बोअरचं पाणी चालेल, पण शेवटचा हात नळाच्या नाहीतर आरओच्या पाण्याचा द्या अन् वाट न बघता कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. दोन बादल्या लागतात, जास्त नाही. फोड आले तेवढ्या जागा खरवडून परत तसंच करावं लागेल.

सवाल : दादा, आमच्या बंगलीला स्टीलचं रेलिंग आहे, चार वर्षं झाली, चांगलं चकचकीत आहे. पण आता सगळीकडं काळ्या रेलिंगची फॅशन आली, मिस्टर म्हणतात आपण पण काळा रंग मारू. मारता येईल का अन् घरीच जमेल का? (यवतमाळ जिल्ह्यातून एक ताई)

जवाब : येईल, पण ताई, मी तुमच्या जागी असतो तर नसता मारला. स्टेनलेस स्टीलला रंगाची गरजच नाही, त्याच्या अंगावर क्रोमियमची आपोआप बनलेली पापुद्र्याएवढी पातळ कातडी असते अन् तीच त्याला गंजू देत नाही. तुम्ही आत्ता फक्त पुसता, रंग मारल्यावर दर काही वर्षांनी टवके बघत बसाल. अन् काळा रंग म्हटलं तर एप्रिल-मे मध्ये दुपारी तीन वाजता त्या पाईपाला हात लावून बघा, मिस्टरांनाच लावायला सांगा.

तरी करायचंच ठरलं असेल तर दोन-तीन गोष्टी. स्टीलची चमक ही बफिंगची असते, आरशासारखी, तिच्यावर रंगाला नखं रोवायला जागा नाही. १२० नंबरनं चांगली मारा, मग १८०. तारेचा ब्रश अन् भांडी घासायची लोखंडी जाळी वापरू नका, त्याचे कण स्टीलमध्ये रुततात अन् आठ दिवसांत रेलिंगवर तांबडे ठिपके येतात, मग लोक म्हणतात स्टील डुप्लिकेट होतं. भांड्याचा हिरवा स्क्रबर चालतो. मग थिनरनं पुसा, पण फडकं बदलत बदलत, एकाच फडक्यानं पुसलं तर तोच चिकटपणा इकडून तिकडं जातो. त्यावर एच प्रायमर अन् वर दोन डब्यांचा इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) रंग. साधा ऑइल पेंट नको, हाताखालच्या पाईपावरून तो वर्षभरात घासून जाईल.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याची वाफ अन् फवारा छातीला वाईट, दमा लागू शकतो. म्हणून घरी मशीननं फवारू नका, अन् नाकाला रुमाल बांधला की झालं असं समजू नका. रेलिंग नटबोल्टचं असेल अन् सोडवता येत असेल तर मी म्हणतो सोडवून नागपूर-अमरावतीकडं पावडर कोटिंगला पाठवा. तिथं पावडर विजेच्या भारानं चिकटवून १८०-२०० डिग्रीच्या भट्टीत भाजतात, तो रंग अन् आपला ब्रशचा रंग यात फार फरक आहे.

जाता जाता, ही चुंबक लावून ३०४ अन् २०२ (स्टेनलेस स्टीलचे दोन प्रकार) ओळखायची जी युक्ती सगळे सांगतात ना, ती काही कामाची नाही, चुंबक दोघांनाही नीट चिकटत नाही. चुंबकानं फार तर एवढा अंदाज येतो की पाईप स्टीलचा आहे की लोखंडावर मुलामा दिलेला, घट्ट चिकटला तर बहुतेक मुलाम्याचा.

सवाल : गॅलरी २० फूट आहे, वर दीड इंची पाईप, खाली चार एक इंची पाईप, अन् ३ फुटाचे सात खांब. पेंटरनं ४ लिटर रंग आणायले सांगतलं. बरोबर हाय का? (वरुडहून)

जवाब : उरलेल्या रंगात पेंटरचं स्वतःचं गेट होऊन जाईल!

हिशोब करू. दीड इंची पाईपाचा घेर साधारण १२ सेंटिमीटर, २० फूट म्हणजे ६ मीटरच्या वर थोडं, वरचा पाईप झाला पाऊण चौरस मीटरला जरा कमी. एक इंचीचा घेर ८ सेंटिमीटर, असे चार पाईप मिळून जवळपास २ चौरस मीटर. सात खांब मिळून पाऊण चौरस मीटरच्या आसपास. सगळं मिळून साडेतीन धरा. एक लिटर ऑइल पेंट एका हाताला १० चौरस मीटरच्या आसपास जातो, म्हणजे दोन हाताला पाऊण लिटरही लागत नाही. सांडलवंड धरून १ लिटरचा डबा आणा. प्रायमर अर्धा लिटर पुरेल.

गोल पाईपाला ब्रशनं ओघळ येतात, सगळ्यांनाच येतात. हातात प्लॅस्टिकची थैली घाला, वरून जुना पायमोजा चढवा, मोज्याला थोडा रंग लावून पाईप मुठीत धरून सरळ ओढत न्या. हसू नका, पेंटरच्या ब्रशपेक्षा सारखा हात बसतो, अन् मागची बाजू सुटत नाही. फक्त मोजा लव सुटणारा नको, ती लव रंगात चिकटते.

लवेवरून आठवलं, घरात कापूस भरून ठेवला असेल तर विकून होईपर्यंत रेलिंगचा विचार करू नका. वऱ्हाडात दिवाळीनंतर प्रत्येक घरी एका खोलीत छतापर्यंत कापूस, अन् पोरं त्यात उड्या मारणार, अन् सगळी रुई ओल्या रंगावर. मी एकदा असं काम केलं, दुसऱ्या दिवशी कठड्याला मिशा फुटल्या होत्या. शेजारी सोयाबीनचा थ्रेशर चालू असेल तर तेच, कुटाराची धूळ संध्याकाळपर्यंत हवेत असते.

सवाल : घरचं लग्न ५ मे चं निघालं. एप्रिलच्या शेवटी रंगकाम केलं तर चालते का? (मूल, जि. चंद्रपूर)

जवाब : चालते, पण दुपारी नाही. तुमच्याकडं पारा ४५ च्या वर जातो अन् तो सावलीतला आकडा, उन्हातला पाईप त्याहून कितीतरी तापलेला. तापल्या पाईपावर ब्रश लावला की थिनर लगेच उडून जातो, रंग वरून सुकतो अन् आतून कच्चा, मग सुरकुत्या अन् सुईच्या टोकाएवढी छिद्रं. पहाटे पाचला सुरू करून साडेआठला ब्रश धुऊन ठेवा. तळहात टेकवून आरामात दहा मोजता आले तर पाईप रंगायला थंड आहे. जमलं तर उगवतीची बाजू संध्याकाळी करा अन् मावळतीची सकाळी.

हिवाळ्यात करणाऱ्यांना उलटं सांगतो, डिसेंबरात सकाळी पाईपावर दव असतं, दहाच्या आधी हात लावू नका अन् चारच्या नंतर मारू नका.

सवाल : मी वेल्डिंगचं काम करतो. जीआय पाईपाचं रेलिंग जोडलं की त्या रात्री थंडी वाजून ताप येतो, सकाळी उतरतो. उस्ताद म्हणे दूध पेत जाय. (दारव्हा)

जवाब : रंगाचा प्रश्न नाही पण हा सगळ्यात महत्त्वाचा. जस्त जळून जो पांढरा धूर निघतो त्याचा हा ताप आहे, काही तासांनी येतो म्हणून लोकांना त्या धुराशी जोडता येत नाही. दुधानं धूर कमी होत नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूचं बोटभर जस्त आधी घासून काढा, उघड्यावर वाऱ्याची पाठ धरून काम करा अन् वेल्डिंगच्या धुराचा मास्क घ्या, कापडाचा नाही. छाती भरली, श्वास लागला तर वाट न बघता डॉक्टरकडं, अन् जीआयचं वेल्डिंग करतो हे त्यांना स्वतःहून सांगा. घासलेल्या जागेवर नंतर झिंक रिच मारायला विसरू नका, नाहीतर वरच्या आर्वीवाल्या भाऊंसारखं पत्र तुमच्या गिऱ्हाइकाकडून येईल.

सवाल : आजोबाच्या जुन्या वाड्याचा लोखंडी कठडा आहे, रंगाचे सात-आठ थर असतील. घासून नवा करतो म्हणतो. (परतवाडा)

जवाब : कोरडं घासू नका. आपल्याकडं घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांत किती शिसं आहे सांगता येत नाही. कठड्यावर पाणी मारून ओला पॉलिश पेपर चालवा, खाली प्लॅस्टिक पसरा, लहान पोरं अन् गरोदर बाई घरात असेल तर ते काम होईपर्यंत त्यांना दुसरीकडं पाठवा, निघालेला गाळ अंगणात झाडून टाकू नका, अन् कोंबड्या मोकळ्या असतील तर त्या दिवशी कोंडून ठेवा, त्या सगळं टिपतात.